तंबाखू सोडणाऱ्याचें स्वातंत्र्य

तंबाखू चांगली कीं वाईट, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. तो केव्हांच निकालांत निघाला आहे. तंबाखू मळणाऱ्यास विचारा, तो तिचे दोष तुमच्याहून अधिक तपशिलानें सांगेल, आणि सांगतां सांगतां चुन्याची डबी उघडील. नीतिशास्त्राच्या अभ्यासकाला थबकावयास लावणारी गोष्ट नेमकी हीच. ज्ञान आहे, इच्छा आहे, पुष्कळदां डॉक्टरांचा धाकही आहे. तरी हात चंचीकडे जावयाचा तो जातोच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत अर्जुनानें श्रीकृष्णास हाच प्रश्न विचारला आहे कीं, आपली इच्छा नसतांना, कोणी बळेंच ढकलल्यासारखा, मनुष्य पापाकडे कां जातो? पांडवगीतेंत दुर्योधनाच्या तोंडीं अशाच अर्थाचा श्लोक घातलेला आहे. तिकडे ग्रीस देशांत सॉक्रेटिसाचें म्हणणें असें पडलें कीं, वाईट काय हें खरोखर कळल्यावर तें कोणी करणारच नाहीं. जो करतो त्याला तें कळलेलेंच नसतें. ॲरिस्टॉटलला हें पटलें नाहीं, आणि आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या पुस्तकाचा बराच भाग त्यानें या एका कोड्यासाठीं खर्चीं घातला. मराठी भाषेनें हें कोडें चार शब्दांत मांडून ठेवलें आहे: कळतें पण वळत नाहीं. मात्र मांडलें म्हणजे सुटलें असें नव्हे.

या कोड्याला आपल्या समाजानें दोन उत्तरें काढलीं आहेत, आणि गंमत अशी कीं, तीं दोन्ही एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच बैठकींत ऐकावयास मिळतात. दुसऱ्याच्या व्यसनाविषयीं बोलतांना तो म्हणतो, 'मनांत आणलें तर काय अशक्य आहे? निश्चय पाहिजे!' आणि स्वतःच्या व्यसनाविषयीं बोलतांना म्हणतो, 'आतां कसली सुटते? रक्तांत भिनली ती.' पहिल्या उत्तरानें व्यसनी मनुष्य सर्वस्वीं स्वतंत्र, म्हणून सर्वस्वीं दोषी ठरतो. दुसऱ्यानें तो सर्वस्वीं परतंत्र, म्हणून सर्वस्वीं निर्दोष ठरतो. दोहोंची एक मोठी सोय आहे: तीं दिल्यावर पुढें कांहीं करावें लागत नाहीं. दोषी मनुष्याला बोल लावला कीं काम संपलें. निर्दोष मनुष्याची कींव केली कीं काम संपलें. आमच्या मतें दोन्ही उत्तरें खोटीं आहेत, आणि ज्याला तंबाखू सोडावयाची आहे त्याचें दोहोंनींही सारखेंच नुकसान होतें.

रत्नागिरींत बसून या विषयावर लिहितांना पाश्चात्य ग्रंथांतील सिगारेट डोळ्यांपुढें ठेवून भागत नाहीं. २०१६-१७ सालीं देशभर झालेल्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ तंबाखूचें सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ होते, तोंडांत धरणारे, चघळणारे, दांतांना लावणारे शेंकडा २४.४. म्हणजे आपला प्रश्न धुराचा थोडा आणि तोंडाचा फार मोठा. मिरकरवाड्याच्या बंदरांतून निघालेल्या खलाशाचे दोन्ही हात जाळीं ओढण्यांत गुंतलेले असतात. विडी पेटवीत बसणें त्याला परवडत नाहीं, आणि वाऱ्यांत ती टिकतही नाहीं. गालांत धरलेली चिमूट मात्र कामभर सोबत करते. घरांतल्या वृद्ध स्त्रिया मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची आणि ती बोटानें दांतांवर घासावयाची. याला कोणी व्यसन म्हणतच नाहीं, हें दांत घासणें! दिवसांतून चार वेळां दांत घासणारी ही स्वच्छताप्रिय माउली एक दिवस मिश्री न मिळाल्यास घर डोक्यावर कां घेते, हें कोणी विचारीत नाहीं. कोंकणांत कित्येक ठिकाणीं राखणदारालाही विडी ठेवण्याची चाल आहे. देवाला जी वस्तु पोंचते ती माणसानें टाकावी, असें सांगावयाचें तरी कोणत्या तोंडानें?

ही वस्तु मुळांत आपल्याकडची नव्हे हें आठवलें म्हणजे तिच्या पराक्रमाचें अधिकच नवल वाटतें. अमेरिकेंत उपजलेली ही वनस्पति पोर्तुगीजांनीं पश्चिम किनाऱ्यावर आणली. सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेग हा मोंगल अधिकारी विजापुराहून परतला तो तंबाखू घेऊन, आणि ती त्यानें अकबरापुढें ठेवली. दरबारच्या हकिमानें हरकत घेतली कीं, ही वस्तु अपरिचित आहे, आपल्या वैद्यकांत तिची परीक्षा झालेली नाहीं. हकिमाचें म्हणणें रास्त होतें. पण सरदारमंडळींना तिची गोडी लागली ती लागलीच. १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूवर बंदी घातली. बादशहाच्या शब्दापुढें ज्या मुलखांत कोणी 'कां' म्हणत नसे, तेथें या एका पानानें त्याचा हुकूम निमूटपणें चघळून टाकला.

व्यसनी मनुष्य दुबळ्या इच्छेचा असतो, हा समज तर मुळांतूनच तपासला पाहिजे. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होते. त्या काळांत, १९२७ सालीं, प्रसिद्ध झालेल्या 'माझी जन्मठेप' या त्यांच्या ग्रंथांत अंदमानच्या बंदिशाळेंतील तंबाखूविषयीं जें आलें आहे तें नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें मुद्दाम वाचावें. त्या तुरुंगांत तंबाखू म्हणजे चलनी नाणें. ती निषिद्ध, जवळ सांपडल्यास शिक्षा. तरी तिच्यासाठीं बंदी वाटेल तें धाडस करीत. आतां विचार करा. कोलू फिरवून थकलेला मनुष्य शिक्षेचें भय पत्करून, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवून, चिमूटभर तंबाखू मिळवितो. याला युक्ति लागते, धैर्य लागतें, दिवसेंदिवस टिकणारी चिकाटी लागते. आणि आपण ज्याला निश्चयशक्ति म्हणतों ती याहून निराळी काय असते? तेव्हां त्याच्याजवळ इच्छाशक्ति नाहीं असें म्हणणें खोटें आहे. ती भरपूर आहे. मात्र ती दुसऱ्याच्या चाकरीस लागली आहे. अशा माणसाला आणखी निश्चय करावयास सांगणें म्हणजे फितूर झालेल्या फौजेंत आणखी भरती करण्यासारखें आहे.

ही चाकरी कशी लागते, हें शास्त्रानें आतां बरेंच उलगडलें आहे. तंबाखूंतील निकोटिन हें द्रव्य १८२८ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें प्रथम वेगळें काढण्यांत आलें. धुरावाटे तें दहावीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. तोंडांतून सावकाश जातें, पण अधिक वेळ टिकतें. चुन्यावांचून तंबाखू 'लागत नाहीं' असें आपल्याकडे म्हणतात, तें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. चुन्याच्या क्षारतेमुळें निकोटिन मोकळें होऊन तोंडाच्या आंतल्या त्वचेंतून लवकर शोषलें जातें. आमच्या पणजोबांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, त्यांच्या जिभेला तें ठाऊक होतें. मेंदूंत हें द्रव्य ज्या जागीं जाऊन बसतें त्या जागा त्याच्या नित्याच्या भेटीनें वाढत जातात. आणि दोनएक तासांनीं रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर आलें कीं त्या रिकाम्या जागा ओरड करूं लागतात. चिडचिड होते, कामांत लक्ष लागत नाहीं, झोंप उडते, उगीच भूक लागते. सोडल्यानंतरचे पहिले दोनतीन दिवस ही ओरड सर्वांत मोठी असते, आणि पुढें कांहीं आठवड्यांत ती ओसरत जाते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. एका मनुष्यानें सोमवारीं सकाळीं, गालांतली चिमूट नुकतीच थुंकून, शांत चित्तानें 'आजपासून बंद' अशी प्रतिज्ञा केली. ती पाळावयाची आहे मंगळवारीं दुपारीं, जेवण झाल्यावर. प्रतिज्ञा करणारा आणि पाळणारा हे दोघे नांवानें एक, पण अवस्थेनें दोन आहेत. पहिला तृप्त आहे. दुसरा भुकेला आहे. तृप्त मनुष्यानें भुकेल्याच्या वतीनें दिलेलें हें वचन आहे, आणि तें मोडलें म्हणजे आपण भुकेल्याला खोटा ठरवितों!

मग दोष कोणाचा? कांहीं वांटा विकणाऱ्याचा आहे, हें उघड आहे. निकोटिनाचें व्यसन जडतें असें अमेरिकेच्या सर्जन जनरलनें १९८८ सालीं अधिकृतपणें सांगितलें. आणि १९९४ सालीं तेथील सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनीं लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें शपथेवर सांगितलें कीं, आमच्या मतें असें व्यसन जडत नाहीं. आपल्या देशांत २०१२ पासून एकामागून एका राज्यानें गुटख्यावर बंदी घातली, तेव्हां कित्येक ठिकाणीं पानमसाल्याची पुडी निराळी आणि तंबाखूची पुडी निराळी मिळूं लागली. बंदी मिश्रणावर होती. मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर होऊं लागलें. उलट बाजूस निपाणीचा शेतकरी आणि सिन्नरची विडी वळणारी स्त्री यांचीं पोटेंही याच पानावर आहेत. १९८१ सालीं निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनीं भावासाठीं केलेलें आंदोलन अनेकांच्या स्मरणांत असेल. पण तो विषय स्वतंत्र आहे, त्यांत आज शिरत नाहीं. आम्हांस येथें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, दोष दुसऱ्याचा असल्याचें सिद्ध झाल्यानें गालांतली चिमूट बाहेर पडत नाहीं. न्यायालयांत जें उत्तर पुरें पडतें तें मंगळवारच्या दुपारीं पुरें पडत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस या गांवच्याच एका पुत्राच्या ग्रंथाची आठवण होते. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ सालीं रत्नागिरींत झाला. 'गीतारहस्य' त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत लिहिलें, आणि तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. (मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्याच वेळीं रत्नागिरींत स्थानबद्ध होता; इतिहासाला अशी अदलाबदल कधीं कधीं सुचते.) त्या ग्रंथाचें दहावें प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांविषयीं आहे. सर्व कांहीं कर्माच्या सांखळीनें बांधलेलें असेल तर मनुष्याला सुटण्याची मोकळीक उरते कोठें, हा तेथील प्रश्न. टिळक आत्म्याला स्वतंत्र मानतात. पण त्याला काम करावयाचें तें देह, इंद्रियें या प्रकृतीच्या साधनांनींच, हें ते क्षणभरही विसरत नाहींत. तेथें सुताराचा दृष्टान्त येतो. सुतार कसबी असला तरी हत्यारांवांचून त्याचें चालत नाहीं, आणि हत्यारेंच बिघडलेलीं असतील तर आधीं तीं दुरुस्त करण्यांत त्याचा वेळ जातो. स्वतः टिळकांना सुपारीची फार आवड होती. तेव्हां संवयीचा जोर त्यांना केवळ पोथींतूनच ठाऊक होता असें मानण्याचें कारण नाहीं.

आम्हांस वाटतें, तंबाखू सोडणाऱ्याची सगळी कहाणी या दृष्टान्तांत आली आहे. निश्चय म्हणजे सुतार. वर्षानुवर्षें निकोटिनावर पोसलेला मेंदू, दुपारच्या चहाची वेळ, खिशांतली डबी, शेजारीं बसून तळहात पुढें करणारा मित्र, हीं त्याचीं बिघडलेलीं हत्यारें. 'निश्चय कर' म्हणणारा सुताराला दटावतो. 'सुटायची नाहीं' म्हणणारा, मुळांत सुतारच नाहीं असें म्हणतो. धार लावावयास कोणीच बसत नाहीं.

बसणारे थोडे असतात, पण असतात. आमच्या परिचयाचा एक तांडेल आहे. पंचवीस वर्षें त्याच्या गालांत तंबाखू होती. तीन वेळां त्यानें देवापुढें नारळ ठेवून ती सोडली आणि तिन्ही वेळां ती परत आली. चौथ्या वेळीं त्यानें शपथ घेतली नाहीं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तो पावसाळा त्यानें निवडला, कारण जाळीं ओढणें आणि तंबाखू यांची सांगड त्या दिवसांत नसते. डबी बायकोच्या स्वाधीन केली. जिच्यावरून बंदराकडे जावें लागे ती टपरी चुकवून लांबची वाट धरली. सोबत्यांना सांगितलें कीं, दोन महिने माझ्यापुढें मळूं नका. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा गम चघळला. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यांत गेली आणि पहिल्याच आठवड्यांत ओढ पुन्हां लागली. एके रात्रीं त्यानें चिमूट धरलीही. पण 'सगळें फुकट गेलें' असें न म्हणतां तो दुसऱ्या दिवसापासून बडीशेप आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे बरोबर नेऊं लागला. आतां पांच वर्षें झालीं. त्यानें ॲरिस्टॉटल वाचलेला नाहीं आणि गीतारहस्यही वाचलेलें नाहीं.

होमरच्या काव्यांतील युलिसिस हाही दर्यावर्दीच. मोहिनी घालणाऱ्या गाण्याच्या टापूंतून जावयाचें होतें, तेव्हां त्यानें सोबत्यांच्या कानांत मेण घातलें, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलें, आणि मी कितीही ओरडलों तरी सोडूं नका असें बजावलें. त्याच्या शौर्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण त्या घटकेला आपण आपले राहणार नाहीं हें त्यानें आधींच ओळखलें, यांत शौर्यापेक्षां मोठें कांहीं आहे. आमच्या तांडेलाला ज्या गमचा उपयोग झाला, तो गमही स्वीडनमध्यें पाणबुडीवरच्या खलाशांच्या अडचणींतून सुचलेला आहे. बंद पाणबुडींत त्यांना धूर काढतां येत नसे. दर्यावरचा मनुष्य दोर आणि गांठ यांचें मोल जाणतो.

यावर एक सात्त्विक आक्षेप येतो. बायकोकडे डबी दिली, वाट बदलली, विषाला विषाचाच उतारा घेतला. यांत पुण्य कसलें? खरा विजय तो, कीं डबी समोर उघडी आहे आणि हात हालत नाहीं. हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा स्वतः तंबाखू न खाणारे असतात. त्यांना आमचें उत्तर असें कीं, एकट्याच्या निश्चयावर इतका भरंवसा आपल्या परंपरेनें कधीं टाकलेला दिसत नाहीं. व्रताला तिथि असते, मुदत असते, चार माणसांदेखत केलेला संकल्प असतो आणि शेवटीं उद्यापन असतें. चातुर्मासांत कांदालसूण सोडणाऱ्याला जन्मभराची शपथ कोणी घालीत नाहीं; चार महिने म्हणतात, आणि चार महिने निभतात. वारकऱ्याच्या गळ्यांतली तुळशीची माळ ही त्याला स्वतःला जितकी आठवण देते तितकीच ती दुसऱ्यांना सांगते कीं, याला आग्रह करूं नका. (त्याच वारकऱ्याच्या चंचींत पुष्कळदां तंबाखू असते, ही गोष्ट निराळी; माळेच्या यादींत ती आली नाहीं, आणि जें यादींत नाहीं तें सुटत नाहीं.) हें सगळें हत्यारांना धार लावणेंच आहे. त्याला पळवाट म्हणणाऱ्यानें रंधा वापरणाऱ्या सुतारालाही पळपुटा म्हणावें, कारण खरा सुतार नखांनीं लांकूड तासील!

मग स्वातंत्र्य उरलें कोठें? फार थोडें, परंतु खरें. आणि तें आपण शोधतों तेथें नाहीं. ओढ लागलेल्या घटकेंत मनुष्य किती स्वतंत्र असतो याविषयीं आम्ही पैज लावणार नाहीं. पण दिवसाच्या चोवीस तासांत ओढ नसलेले तास असतातच. त्या तृप्त घटकांत त्याला दिसतें, सुचतें, उठून डबी दुसऱ्याच्या हातीं देतां येते, डॉक्टरांकडे जातां येतें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर विचारतां येतें. जबाबदारीही मग तेथेंच धरली पाहिजे. मंगळवारीं भुकेल्या अवस्थेंत तोंडांत गेलेल्या चिमटीबद्दल आम्ही कोणाला फारसा दोष देणार नाहीं. सोमवारीं सकाळीं, सर्व सुचत असतांना, नुसती प्रतिज्ञा करून डबी खिशांतच राहूं देणारा मात्र दोषाला पात्र आहे. आणि त्याच्याबरोबर ते सर्व पात्र आहेत, ज्यांनीं त्याच्या प्रतिज्ञेला टाळ्या वाजविल्या आणि मंगळवारीं दुपारीं त्याच्याच शेजारीं बसून तंबाखू मळली. सहादां सोडून सहादां परत धरणाऱ्याची जी थट्टा होते, तीही या हिशेबांत बसत नाहीं. सोडण्याचे पहिले प्रयत्न फसणें हें नेहमींचेंच आहे, हें डॉक्टर लोक जाणतात. सहाव्या खेपेस त्याला निदान कोणतें हत्यार कोठें बोथट आहे हें कळलेलें असतें. पहिल्या खेपेच्या उमेदवाराला तेंही ठाऊक नसतें.

एक प्रश्न मात्र आमच्यानें पुरता सुटत नाहीं. ज्याला सोडावयाचीच नाहीं, त्याचें काय? ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा १९५१ सालीं सुरू झालेला एक दीर्घ अभ्यास आहे. त्याचे २००४ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे कीं, तिसाव्या वर्षीं सिगारेट सोडणाऱ्याला सुमारें दहा वर्षांचें आयुष्य परत मिळतें, चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडली तरी तीन. हें गणित आम्ही ओळखीच्या एका घरीं सांगत होतों. घरांतल्या आजी शहात्तर वर्षांच्या, मिश्री लावणाऱ्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "सर, तें तुमचें साठापर्यंत आलें आणि थांबलें. माझें काय तें सांगा." आम्ही म्हटलें, "आजी, तें गणित सिगारेटचें आहे, मिश्रीचें नाहीं. पण तोंडाला धोका आहेच." त्या म्हणाल्या, "आतां सोडून काय मी शंभरी गांठूं? एवढीच एक चैन राहिली." यावर काय बोलावें हें खरोखरच कठीण होतें. सुख कोणतें आणि दास्य कोणतें हें शहात्तर वर्षांच्या स्त्रीला शिकविण्याचा अधिकार प्रोफेसरांना कोणी दिला आहे, असें आम्हांस अद्यापि ठाऊक नाहीं. तेवढ्यांत त्यांची चार वर्षांची पणती डबी घेऊन आली आणि पणजीसारखें बोट बुडवून दांतांकडे नेऊं लागली. आजींनीं डबी हिसकावून घेतली.

पुढच्या खेपेस गेलों तेव्हां डबी फडताळाच्या अगदीं वरच्या खणांत गेली होती. तेथें पणतीचा हात पोंचत नाहीं. आजींचाही पोंचत नाहीं. त्यांना स्टूल घ्यावें लागतें, आणि गुडघे दुखतात म्हणून आतां त्या दिवसांतून दोनदांच चढतात.